जनावरांची मिठाची ओढ व तिची कारणे

गोठ्याची भिंत चाटणारी अथवा दुसऱ्या जनावराचे मूत्र पिऊ पाहणारी गाय खोडकर समजली जाते व पुष्कळदा मार खाते. वस्तुतः अशा वर्तनामागे बहुधा शरीराची निकड असते.

हिरव्या वैरणीत पोटॅशियम विपुल असते, पण सोडियम अल्प. मिठातून मिळणारे हे सोडियम रक्त व लाळ यांस आवश्यक असून दुधावाटेही ते बाहेर जाते. ते कमी पडताच मूत्रपिंडांजवळील अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरोन हे संप्रेरक अधिक सोडतात. त्यायोगे मूत्र व लाळ यांवाटे जाणारे सोडियम रोखले जाते. त्याचबरोबर मेंदूत मिठाची इच्छा जागृत होते.

ऑस्ट्रेलियातील स्नोई पर्वतात गवतातील सोडियम फारच कमी असते. डेरेक डेंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मिठात भिजविलेल्या लाकडी खुंट्या रोवल्या असता रानटी सशांनी त्या कुरतडून टाकल्या. या सशांच्या अधिवृक्क ग्रंथींचा अल्डोस्टेरोन निर्माण करणारा भाग वाढलेला आढळला. हे निष्कर्ष १९६८ साली प्रसिद्ध झाले.

मिठाची ओढ केवळ उणिवेनेच वाढते असे नाही. भय, मारहाण, दूरचा प्रवास इत्यादींचा ताण पडला की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते व ते अधिवृक्क ग्रंथींस चेतविते. पुढील प्रयोगांत ससे व मेंढ्या यांना हे संप्रेरक टोचले असता त्यांचे मीठ खाण्याचे प्रमाण वाढले. मात्र प्रत्येक ताणाचा परिणाम सर्व जातींत सारखाच होतो असे नव्हे.

यावरून स्पष्ट होईल की, भिंत चाटणाऱ्या जनावरास मारणे म्हणजे त्याच्या ताणात भर घालणे होय. पशुपालकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. आंबोणात शेकडा १ भाग मीठ मिसळावे किंवा गव्हाणीजवळ चाटण-वीट टांगावी.

२. स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध ठेवावे. पाण्याचा तुटवडा असता अधिक मीठ खाल्ल्यास विषबाधा होते.

३. वाहतूक करताना गर्दी व मारहाण टाळावी.

४. जनावर हाडे चघळत असल्यास ते फॉस्फरसच्या उणिवेचे लक्षण असू शकते. तेथे केवळ मीठ पुरत नाही; पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.