परवलीचा शब्द ठेवावा कोठे?

संगणक म्हटला की चित्रे व बटणे डोळ्यांपुढे येतात. तथापि यंत्रे सांभाळणारी मंडळी आजही नुसत्या आज्ञा टंकून काम घेतात. अशी आज्ञा दूरच्या यंत्राशी बोलू लागली, की ते विचारते, तू कोण? मग पासवर्ड द्यावा लागतो. दर वेळी टंकण्याचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याला मी दोष देणार नाही. दिवसातून पन्नास वेळा करावयाचे काम माणूस सोपे करणारच.

सर्वांत वाईट जागा म्हणजे खुद्द आज्ञेची ओळ. लिनक्सवर 'पीएस' म्हटले की चालू कामे त्यांच्या पूर्ण ओळींसह दिसतात, आणि सामान्यतः दुसऱ्याच्या खात्यावरूनही दिसतात. शिवाय ओळ इतिहासाच्या फाइलीत जाऊन बसते ती वेगळीच. संघटनेच्या कचेरीत एकच यंत्र चौघे वापरतात व त्यातच सभासदांची यादी असते. ती मालकाच्या हाती पडली तर कोणाकोणाची नोकरी जाईल, हे आपणांस सांगावयास नको.

येथे कोणी विचारील, शब्द ओळखू न येईल असा का ठेवू नये? रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्सन यांनी १९७९ साली युनिक्सची अशी पद्धत लेखात मांडली. तपासणारे यंत्र मूळ शब्द ठेवीतच नाही. त्याचे असे रूपांतर ठेवते, की त्यावरून उलट येता येत नाही. पण ही सोय दारावरच्या पहारेकऱ्याची. आपण दाराबाहेरचे! आपल्याला मूळ शब्द उच्चारावाच लागतो, म्हणून तो परत मिळेल असाच ठेवणे भाग आहे. तो कुलपात ठेवला, तर कुलपाची किल्ली कोठे ठेवावी हा प्रश्न उरतोच.

'गिट'चे उदाहरण घ्या. त्याचे 'स्टोअर' हे साधन शब्द साध्या अक्षरांत फाइलीत लिहिते. फाइलीला ६०० हा परवाना असला, म्हणजे मालकाखेरीज इतर खातेदारांना ती वाचता येत नाही. परंतु यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याला ती वाचता येते, आणि राखीव प्रत काढली की तिच्याबरोबर शब्दही जातो. 'कॅश' तो केवळ स्मृतीत ठेवते, न सांगता ९०० सेकंद. त्याहून बरी ती यंत्राचीच तिजोरी: मॅकवर 'कीचेन', विंडोजवर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'. आपण खात्यात शिरताना दिलेल्या शब्दानेच ती उघडते, म्हणून किल्ली वेगळी लपवावी लागत नाही.

'गिटहब'ने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणे बंद केले व टोकन मागितले. टोकन म्हणजे अधिवेशनाच्या प्रतिनिधीचा पास: ठराविक कामापुरता, ठराविक मुदतीचा, आणि केव्हाही रद्द करता येणारा. तो तिजोरीत ठेवावा. जुना शब्द इतिहासाच्या फाइलीत सापडला, तर आधी तो बदलावा आणि मग ओळ पुसावी. कारण मध्यंतरी ती कोणी वाचली, हे फाइल सांगत नाही.