आर-२२ चे सिलिंडर साठवू का? फ्रिज-एसी दुरुस्तीच्या धंद्यात उतरण्याआधी हे वाचा



नंदुरबार जिल्ह्यातल्या एका होतकरू मुलाचा प्रश्न आहे. "सर, आयटीआय झालंय. एसी-फ्रिज रिपेअरिंगचं दुकान टाकायचंय. ओळखीतला एक जण आर-२२ गॅसचे सिलिंडर स्वस्तात देतोय. हा गॅस बंद होणार म्हणतात, म्हणजे पुढे भाव चढेल. घरचे थोडे पैसे आहेत, ते त्यात घालून ठेवू का?"

प्रश्न हुशारीचा आहे. मुलगा पुढचा विचार करतोय. पण माझं उत्तर आहे, नको. का नको, ते नीट समजून घ्या. कारण या धंद्यातला माल, हत्यारं आणि भाव फक्त बाजारात ठरत नाहीत. ते जगातल्या सगळ्या देशांनी मिळून केलेल्या एका कराराच्या तारखांवर ठरतात. त्या तारखा आधीच जाहीर आहेत. ज्याला त्या माहीत आहेत, तो आपला पैसा योग्य जागी घालेल.

आधी मागणी बघू

नंदुरबारचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. शहादा, तळोदा, नवापूर कुठेही जा. दवाखाना, मोबाईलचं दुकान, कापडाची शोरूम, सगळीकडे एसी लागलेत. आईस्क्रीमवाल्याकडे डीप फ्रीझर आहे, मेडिकलवाल्याकडे इन्सुलिनचा फ्रिज आहे, दूधवाल्याला गारवा लागतोच. मे महिन्यात मशीन बंद पडलं की मालक दर तासाला फोन करतो. म्हणजे गिऱ्हाईक आहे. प्रश्न एवढाच की पुढची दहा-पंधरा वर्षं कोणत्या मशीनचं काम मिळणार?

गॅस का बदलतो?

पूर्वी फ्रिजमध्ये आर-१२ नावाचा सीएफसी गॅस असायचा. विषारी नाही, पेटत नाही, काम चोख. पण १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा गॅस हवेत सुटला की वर जाऊन ओझोनचा थर खातो. हा थर म्हणजे आपल्या डोक्यावरची छत्री. सूर्याचे घातक अतिनील किरण तो अडवतो. तो विरळ झाला तर त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू वाढतात आणि पिकांनाही फटका बसतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर हा थर फारच विरळ झाल्याचं जाहीर केलं आणि जग जागं झालं.

आता एकट्या देशाने गॅस बंद करून काय होणार? नवापूरचं रेल्वे स्टेशन आठवा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. प्लॅटफॉर्मवर सीमेची रेघ आहे, पण वाऱ्याला ती दिसत नाही. हवेत सुटलेल्या गॅसचंही तसंच. म्हणून १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात करार झाला. सुरुवातीला दोन डझन देशांच्या सह्या होत्या. आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे. १६ सप्टेंबर हा ओझोन दिन म्हणून पाळतात, तो यामुळेच.

भारताने मात्र लगेच सही केली नाही, आणि यात आपल्यासाठी धंद्याचा धडा आहे. आपलं म्हणणं होतं, "हा गॅस आजवर उधळला श्रीमंत देशांनी. आता कारखाने बदलायचा खर्च आम्ही एकट्याने का करायचा?" १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी पैसा आणि तंत्रज्ञान या दोन्हींचा आग्रह धरला. चीनचीही तीच भूमिका होती. शेवटी एक निधी ठरला. श्रीमंत देशांनी त्यात पैसे घालायचे आणि विकसनशील देशांतले कारखाने बदलायला, कारागिरांना शिकवायला ते वापरायचे. मग १९९२ मध्ये भारत करारात आला. नियम मान्य, पण खर्चाची वाटणी आधी ठरवा. भागीदारीत उतरताना आपणही हेच करायला हवं, नाही का?

या निधीतून मेकॅनिक लोकांची प्रशिक्षणंही होतात. म्हणजे त्या लंडनच्या बैठकीतला एक तुकडा तुमच्या वाट्याचा आहे. तो कसा घ्यायचा ते पुढे सांगतो.

तीन पिढ्या, तीन तारखा

बघा, गॅसच्या नावांनी गोंधळू नका. तीन पिढ्या लक्षात ठेवा.

पहिली पिढी, सीएफसी. जुन्या फ्रिजमधला आर-१२. भारताने २००८ मध्येच याचं उत्पादन जवळपास थांबवलं. हा विषय संपला.

दुसरी पिढी, एचसीएफसी. आपला ओळखीचा आर-२२. ओझोनचं नुकसान सीएफसीच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकं, पण होतंच. शिवाय हवा तापवण्यात हा पक्का. १ किलो आर-२२ सुटला तर १,८१० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. ३१ डिसेंबर २०२४ नंतर भारतात नव्या एसीत हा गॅस भरून मशीन बनवायला मनाई आहे. २०३० पर्यंत याचा वापर जवळपास संपवायचा आहे. त्यानंतर २०४० पर्यंत जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी फार थोडा माल मिळेल.

तिसरी पिढी, एचएफसी. आर-१३४ए, आर-४१०ए, आर-३२. ओझोनला धक्का नाही, पण उष्णता अडवतात. तापवण्याची ताकद मोजायची तर आर-४१०ए चा आकडा २,०८८, आर-१३४ए चा १,४३० आणि आर-३२ चा ६७५. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडा देशातल्या किगाली शहरात याच करारात दुरुस्ती झाली. आता हे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करायचे. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये ती मान्य केली.

आपल्यासाठी किगालीचं वेळापत्रक वहीत लिहून ठेवा. २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या वापरावरून आपली पातळी ठरते. २०२८ पासून ती पातळी ओलांडायची नाही. मग २०३२ ला १० टक्के कपात, २०३७ ला २० टक्के, २०४२ ला ३० टक्के आणि २०४७ ला ८५ टक्के.

यात एक खुबी आहे. हा हिशोब नुसत्या किलोत होत नाही, तापवण्याच्या ताकदीने गुणून होतो. १ किलो आर-४१०ए जेवढी जागा खातो, तेवढ्यात ३ किलो आर-३२ बसतो. म्हणून कंपन्या ४१०ए सोडून ३२ कडे वळल्या. त्याच्याही पुढे आर-२९० म्हणजे प्रोपेन आणि आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. यांचा आकडा पाचाच्याही खाली. मुंबईच्या गोदरेजने २०१२ मध्येच जर्मनीच्या मदतीने आर-२९० चा एसी बाजारात आणला. आणि घरगुती नव्या फ्रिजच्या मागचा स्टिकर बघा, बहुतेक ठिकाणी आर-६००ए च दिसेल.

मग सिलिंडरचं काय?

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. आर-२२ कमी होत जाणार, मग साठा करून ठेवला तर फायदा नाही का?

भाव चढू शकतो, हे मी नाकारत नाही. युरोपात एचएफसीचा कोटा घटला तेव्हा २०१७-१८ मध्ये काही गॅसचे भाव कित्येक पटींनी वाढले होते. पण तीन गोष्टी तपासा.

एक, गॅस घटतोय तशी आर-२२ ची मशीनंही घटतायत. नवीन बनत नाहीत, जुनी भंगारात जातायत. भाव चढला तर मालक म्हणेल, "एवढा खर्च या जुन्यावर कशाला? नवीनच घेतो."

दोन, हा नियंत्रित माल आहे. ओझोनला घातक पदार्थांच्या खरेदी-विक्रीला भारतात २००० सालचे नियम लागू आहेत. ओळखीतून, बिलाशिवाय आलेल्या सिलिंडरमध्ये नेमकं काय आहे हे कोण सांगणार? भेसळीचा गॅस भरला आणि कॉम्प्रेसर गेला तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं भांडवल सिलिंडरमध्ये अडकलं की हत्यारांना आणि शिकण्याला पैसा उरत नाही. साठा एकदा विकला की संपतो. हातातली कला रोज विकली जाते. लागेल तसा गॅस पक्क्या बिलाने घ्या आणि पैसा कौशल्यात घाला.

करार देशांचा, पाना तुमच्या हातात

आता जरा मनाला लागेल असं बोलतो.

एसी गॅस पीत नाही. तो बंद नळीत फिरतो आणि तसाच राहतो. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. पण आपल्याकडे काय चालतं? "गॅस संपलाय, भरून देतो." गळती तशीच. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फोन, पुन्हा गॅस. मशीन उघडायचं असेल तर उरलेला गॅस सरळ हवेत.

१ किलो आर-२२ हवेत सोडणं म्हणजे किती, याचा मी हिशोब मांडून पाहिला. १ लीटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हे जवळपास ७८० लीटर पेट्रोल झालं. ५० चं ॲव्हरेज देणारी मोटरसायकल तेवढ्यात ३९ हजार किलोमीटर जाईल. पृथ्वीला जवळजवळ एक फेरी! आणि हे आपण पाच मिनिटांत करतो.

किगालीत मंत्र्यांनी सह्या केल्या, दिल्लीत नियम झाले. पण धडगावच्या एखाद्या दुकानात व्हॉल्व्ह उघडायचा की रिकव्हरी मशीन लावायचं, हे तिथे उभा असलेला मेकॅनिक ठरवतो. या साखळीतली शेवटची कडी तुम्ही आहात.

धंद्याच्या भाषेतही हेच बरोबर आहे. गिऱ्हाइकाला सांगा, "साहेब, आधी गळती शोधतो. नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस. पैसे थोडे जास्त लागतील, पण कामाची लेखी हमी देतो." पहिल्या वर्षी काही जण जातील स्वस्तवाल्याकडे. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यातलेच परत येतात, आणि सोबत शेजारच्यालाही आणतात.

पैसा कुठे घालाल?

हत्यारं: व्हॅक्यूम पंप, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, नायट्रोजन आणि रेग्युलेटर, गळती शोधणारं यंत्र, आर-३२ ला चालेल असा गेज सेट. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, जुने गेज आणि पाइप त्यावर लावू नका. घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए काही दहा ग्रॅमच असतो, तिथे अंदाजाचं काम चालत नाही. रिकव्हरी मशीन महाग वाटलं तर दोन-तीन दुकानदारांनी मिळून घ्या.

शिक्षण: केंद्र सरकारच्या ओझोन सेलतर्फे मेकॅनिकांसाठी प्रशिक्षणं होतात. मार्च २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये १ लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन पुढची बॅच कधी आहे विचारा. भिंतीवरचं प्रमाणपत्र गिऱ्हाईक वाचतं.

कर्ज: छोट्या सुरुवातीला मुद्रा योजनेचा शिशू गट, ५० हजारांपर्यंत. मोठं दुकान असेल तर पीएमईजीपी. ग्रामीण भागात अनुसूचित जमाती, महिला अशा विशेष प्रवर्गांना त्यात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के अशी रचना आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक तरुणांना हे लागू पडू शकतं. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात चालू नियम विचारून घ्या.

एक गोष्ट जिवाची

आर-२९० आणि आर-६००ए पेटतात. आर-३२ ही थोडा पेटतो. म्हणून खोली हवेशीर ठेवा, बिडी-सिगारेट नको, गॅस आत असताना ब्रेझिंग नको. आर-२२ च्या एसीत आर-२९० भरायचा जुगाड करू नका, ते मशीन पेटणाऱ्या गॅससाठी बनलेलंच नाही. स्वयंपाकाचा गॅस तर मुळीच नाही. दोन पैसे वाचवायला कुणाचं घर पणाला लावू नका.

या आठवड्याचं काम

वही घ्या. तुमच्या गावातल्या किंवा पेठेतल्या २० दुकानांत जा. परवानगी घेऊन एसी, फ्रिज, फ्रीझरवरचा स्टिकर वाचा. कोणता गॅस, किती ग्रॅम, कोणत्या साली घेतलं, शेवटची दुरुस्ती कधी, एवढं लिहा. संध्याकाळी बेरीज करा. आर-२२ किती, आर-३२ किती, आर-६००ए किती?

हाच तुमचा मार्केट सर्व्हे, फुकटातला. शिवाय २० मालकांशी ओळख झाली ती वेगळीच. आपापले आकडे आम्हाला कळवा, पुढच्या व्हिडिओत त्यावरूनच हत्यारांची यादी आणि पहिल्या वर्षाचं बजेट मांडू.

आणि ज्याने प्रश्न विचारला त्या मित्राला: सिलिंडर राहू दे. आधी वजनकाटा घे.