संगणकातील शीतजलाची निगा

ज्या संगणकाच्या प्रोसेसरची उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या द्रवाने वाहून नेली जाते, त्याच्या मालकावर तो द्रव बदलण्याची सालाबादची जबाबदारी आपसूक येऊन पडते. आणि ती टाळण्याकडेच बहुतेकांचा कल असतो. वस्तुतः बिघाडाचे मूळ पुष्कळदा नळ्यांतच असते: मऊ प्लॅस्टिकला लवचिकपणा देणारे द्रव्य हळूहळू झिरपून, प्रोसेसरवरील तांब्याच्या ठोकळ्यातील अतिसूक्ष्म खाचांत साय धरते, प्रवाह मंदावतो आणि तपमान चढू लागते. तांबे व ॲल्युमिनियम एकाच प्रवाहात नांदवले, तर विद्युत्-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम कुरतडले जाते. तेथे सफाईचा इलाज चालत नाही.

संगणक बंद करून द्रव काढावा, ठोकळा उघडून खाचा मऊ ब्रशाने घासाव्यात आणि रेडिएटर, निर्मळ पाणी बाहेर येईतो, डिस्टिल्ड वॉटरने धुवावा. नळाचे पाणी, त्यातील क्षारांमुळे, सर्वथा वर्ज्य. पंप कोरडा चालू देऊ नये, कारण त्याच्या बेअरिंगला वंगण त्या द्रवाचेच मिळते. भरणी झाल्यावर प्रथम केवळ पंपालाच वीज देऊन, सांध्यांखाली कागद अंथरून, काही तास गळतीची तपासणी करावी.

बाजारातील सीलबंद संच बहुधा उघडण्याजोगे नसतात. त्यांच्या रेडिएटरवरील धूळ तेवढी झाडावी.