कार्गो, मेक आणि शंभरेक छोटे प्रोग्राम

ऑक्टोबर 2025 मध्ये उबुंटू 25.10 आलं. त्याच्या टर्मिनलवर 'एलएस' लिहून एंटर दाबलं की फायलींची यादी दाखवणारा प्रोग्राम आता ग्नूचा सी भाषेतला राहिलेला नाही. तो यूयूटिल्स प्रकल्पाने रस्टमध्ये नव्याने लिहिलेला आहे. जॉर्डी बोज्जियानो यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाची धुरा आज प्रामुख्याने सिल्व्हेस्त्र लद्रू यांच्याकडे आहे. चर्चा होते ती मेमरीच्या सुरक्षेची आणि वेगाची. हे शंभरेक प्रोग्राम एकत्र बांधणाऱ्या बिल्डबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि खरी चिकाटी तिथेच लागते.

प्रकल्प सुरू झाला तेव्हा रस्टचं 1.0 दोन वर्षं दूर होतं आणि कार्गो हे रस्टचं बांधणीचं साधनही नव्हतं. त्यामुळे सुरुवात मेक या जुन्या बांधणी-साधनाच्या मेकफाइलवर झाली. पुढे कार्गो आलं, तरी मेक गेलं नाही. कार्गो कोड उत्तम बांधतं, पण मॅन पानं आणि शेलची कम्प्लीशन जागच्या जागी बसवत नाही. ते काम मेक करतं. डेबियनसारख्या वितरणाच्या पॅकेजरला हवं असलेलं वगळणं, नावापुढे उपसर्ग लावणं, वेगळ्या फोल्डरमध्ये बसवणं हे सगळंही तिथेच होतं. एक नवा प्रोग्राम वाढला की बराच काळ दोन्हीकडच्या याद्या हाताने जुळवाव्या लागत. कार्गो आणि मेक ही दुहेरी व्यवस्था मला योग्यच वाटते: लिहिणाऱ्याची आणि वाटणाऱ्याची गरज एक नसते.

सगळे प्रोग्राम एकाच बायनरीत घालता येतात. कोणत्या नावाने हाक मारली ते पाहून ती वागते, म्हणून रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीचं ओझं शंभरदा साठवावं लागत नाही. नाव आणि फंक्शन यांचा तक्ता 'बिल्ड डॉट आरएस' ही फाइल बांधणीच्या वेळीच तयार करते. 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे रस्टचे राखीव शब्द असल्याने त्यांच्यासाठी तिथे वेगळी तजवीज आहे. 'टेस्ट'ला चौकटी कंसाचंही नाव द्यावं लागतं. विंडोजवर 'सीएचरूट'ला अर्थच नाही, म्हणून प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी फीचरचे वेगळे गट आहेत.

सर्वांत त्रास 'एसटीडीबफ'चा. दुसऱ्या प्रोग्रामचं बफरिंग बदलायला त्याला सोबत एक डायनॅमिक लायब्ररी लागते. एक प्रोग्राम बांधताना आधी दुसरी वस्तू बांधायची आणि ती त्याच्या पोटात घालायची, हे कार्गोच्या सरळ वाटेत बसत नाही. वितरणांना तर ती लायब्ररी ठरलेल्या जागी स्वतंत्रच हवी असते. त्यासाठी पुढे वेगळं फीचर द्यावं लागलं.

ग्नूची स्वतःची चाचणीमालिका या बायनरींवर सतत चालवली जाते. तरीही उबुंटू 25.10 मध्ये 'डेट'चा एक पर्याय नीट न चालल्याने आपोआप अपडेट तपासणं थांबलं होतं. पायाभूत साधनातली लहान चूक किती दूर जाते ते यातून दिसतं.

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात किंवा कुठेही, जुना लॅपटॉप आणि अधूनमधून येणारं इंटरनेट असलेल्या विद्यार्थ्यालाही या प्रकल्पात हातभार लावता येतो. सगळा प्रकल्प बांधायची गरज नाही; कार्गोला पॅकेजचं नाव देऊन फक्त 'कॅट' बांधता येतं, आणि लागणाऱ्या क्रेट, म्हणजे रस्टची पॅकेजं, एकदा उतरल्या की ते ऑफलाइनही चालतं. 'बिल्ड डॉट आरएस' छोटी फाइल आहे. आधी ती वाचा, मग एखादा सोपा इश्यू उचला.