पोहत शहाद्याला, पोहत परत

नंदुरबारच्या स्टँडवरून शहाद्याची एस.टी. पकडली की वाटेत प्रकाशा लागतं. तापीच्या पुलावर गाडी आली की खिडकीशी बसलेली म्हातारी माणसं हात जोडतात, पोरं मोबाइल काढतात, कंडक्टर मान वर न करता चिल्लर मोजत राहतो. नंदुरबार ते शहादा हे अंतर सरळ रेषेत मोजलं तर तीस-एकतीस किलोमीटर भरतं. इंग्लिश खाडी जिथं सगळ्यात अरुंद आहे, तिथं ती २१ मैल, म्हणजे ३३.८ किलोमीटर रुंद आहे. आपलं नंदुरबार-शहादा आणि वर तीनेक किलोमीटर.

आता एवढंच करा. मधला सगळा मुलूख, ऊस, केळी, पपईचे बाग, प्रकाशाची देवळं, पाण्याखाली गेला असं समजा. गावं पाण्याखाली जाणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. सरदार सरोवरात आपली ३३ गावं सापडली. फक्त हे पाणी खारं आहे, १५-१६ अंशांचं आहे आणि त्यातून दिवसाला चारशेहून जास्त मालवाहू जहाजं आडवी जातात. रात्रीचे दीड-दोन वाजलेत. नंदुरबारच्या काठावरून एक मुलगी या पाण्यात उतरते आणि शहाद्याकडे हात मारायला लागते.

२७ ऑगस्ट १९५९ रोजी आरती साहा अशीच उतरली होती. फ्रान्सच्या केप ग्रिस नेझहून इंग्लंडच्या सँडगेटला जायचं होतं. बटलिन नावाची आंतरराष्ट्रीय पोहण्याची शर्यत, २३ देशांचे ५८ जलतरणपटू, त्यांत बायका फक्त पाच.

ही आरती कोण, ते आधी सांगायला हवं. जन्म कलकत्त्याचा, २४ सप्टेंबर १९४०. घरच्यांबरोबर चांपातला घाटावर आंघोळीला जाता जाता पोहायला शिकली, पुढं हाटखोला क्लबात सचिन नाग यांनी तिला घडवलं. १९५१ मध्ये तिनं १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक १ मिनिट ३७.६ सेकंदांत संपवून अखिल भारतीय विक्रम मोडला. तो विक्रम आपल्या मुंबईच्या डॉली नझीरचा होता. पुढच्याच वर्षी जिनं मोडला ती आणि जिचा मोडला ती, अशा दोघी मिळून हेलसिंकी ऑलिंपिकला गेल्या. आरतीचं वय तेव्हा अकरा. आपल्याकडे पाचवी-सहावीत असते ती पोर.

हेलसिंकीत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत तिला ३ मिनिटं ४०.८ सेकंद लागले. सुवर्णपदक घेणाऱ्या हंगेरीच्या एवा सेकेईची अंतिम फेरीतली वेळ होती २ मिनिटं ५१.७ सेकंद. दोघींना कल्पनेनं शेजारच्या लेनमध्ये ठेवलं तर सेकेई भिंतीला हात लावते तेव्हा आरतीचे चव्वेचाळीस-पंचेचाळीस मीटर बाकी असतात. जवळजवळ अख्खा तलाव. हसू येत असेल तर एक गुणाकार करून बघा: या दोनशे मीटरच्या ३३८ पट अंतर सात वर्षांनी हीच मुलगी एका दमात कापणार होती.

३३८ कशी? खाडी ३३.८ किलोमीटरची, म्हणजे १६९ पट व्हायला हवी. खरी गंमत इथं आहे, आणि नदीकाठच्या माणसाच्या ती चटकन लक्षात येत नाही. तापी माणसाला ओढते ती एकाच बाजूला, खाली सुरतेकडे. खाडीचं पाणी साधारण दर सहा तासांनी दिशा पालटतं. भरती एका बाजूला लोटते, ओहोटी दुसऱ्या. पोहणारा नाकासमोर हात मारत असतो आणि वाट मात्र नागमोडी होत जाते. नकाशावरचे २१ मैल आरतीच्या वाट्याला आले ४२ होऊन. ६७.६ किलोमीटर. म्हणजे पोहत शहाद्याला जायचं आणि काठ न शिवता तसंच पोहत नंदुरबारला परत यायचं. पन्नास मीटरच्या तलावात मोजलं तर १,३५२ फेऱ्या.

तयारीही त्याच हिशेबाची होती. १३ एप्रिल १९५९ला कलकत्त्याच्या देशबंधू पार्कच्या तळ्यात हजारो लोकांसमोर ती सलग आठ तास पोहली, नंतर सलग सोळा तास. प्रवासासाठी मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी ११ हजार रुपयांची सोय केली. आज हा आकडा फुटकळ वाटेल, पण सोनं तेव्हा तोळ्याला शंभर-सव्वाशेच्या घरात होतं. नव्वद-शंभर तोळे सोनं पाण्यात घातलं म्हणा ना. खानदेशात एवढ्यात तीन-चार लग्नं उरकली असती.

आणि २७ ऑगस्टच्या रात्री काय झालं? तिच्यासोबत जायची होडी वेळेवर आलीच नाही. बाकीचे गेले, ही काठावर. उशीर झाला ४० मिनिटांचा.

४० मिनिटं म्हणजे आपल्याकडे काहीच नाही, एस.टी. एवढी उशिरा आली तर कुणी तक्रारही करत नाही. भरती-ओहोटीच्या गणितात मात्र ती फार महाग पडतात. सकाळी अकरापर्यंत आरती चाळीसहून जास्त मैल पोहली होती. इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर होता. तेवढ्यात पाणी उलटलं. दुपारी चारपर्यंत, म्हणजे पुढच्या पाच तासांत, तिचे कसेबसे दोन मैल झाले. आधीच्या वेगानं तेवढ्या वेळात वीसेक मैल झाले असते. शेवटी तिला बाहेर काढावं लागलं. या पोहण्यात नियम असा की होडीला टेकायचं नाही आणि कुणी पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. बोटाचा स्पर्श झाला की संपलं. खाणंपिणंसुद्धा होडीतून काठीच्या टोकाला अडकवलेल्या भांड्यातून घ्यायचं, तेही तरंगत. पाणी अंगातली ऊब हवेच्या पंचवीस पट वेगानं खेचतं, म्हणून जुने पोहणारे अंगाला ग्रीस चोपडत. मिठानं जीभ सुजते, घशाखाली काही उतरत नाही. चौदा तास हे सगळं सोसून हाती काय, तर शून्य. तीनच मैल राहिले म्हणून कोणी अर्धे गुणही देत नाही.

मला विचाराल तर आरतीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा ४२ नाही, ३३ आहे. पहिल्या प्रयत्नानंतर ३३ दिवसांनी, २९ सप्टेंबरला, ती पुन्हा त्याच पाण्यात उतरली. वय १९ वर्षं ५ दिवस. या वेळी १६ तास २० मिनिटं. मिनिटाला पन्नास हात धरले तर ४९ हजार वेळा खांदा फिरवल्यावर तिचे पाय सँडगेटच्या किनाऱ्याला लागले आणि तिनं तिरंगा फडकवला. खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई बाई. महिनाभरातले दोन्ही प्रयत्न धरले तर पाण्यात तीस तास आणि सुमारे १३५ किलोमीटर. १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. भारतातल्या कुठल्याही महिला खेळाडूला मिळालेली ती पहिली.

त्यानंतर आपल्या बाजूच्या मुली आल्या. १९८७ मध्ये मुंबईच्या अनिता सूदनं हीच खाडी ८ तास १५ मिनिटांत संपवली, आरतीच्या जवळपास निम्म्या वेळात. सरळ अंतरावर हिशेब केला तर वेग ताशी चार किलोमीटर पडतो, म्हणजे चांगल्या चालत्या माणसाचा. मुंबईचीच रूपाली रेपाळे १९९४ मध्ये खाडी पोहून गेली तेव्हा बारा वर्षांची होती आणि सोळा तासांच्या आसपास पाण्यात होती. शाळेच्या तीन दिवसांचे तास एकत्र करा, तेवढा वेळ. मधली सुट्टी नाही. त्याच वर्षी २३ ऑगस्टला आरती साहा काविळीनं गेल्या. वय ५३. आणि २०२४ मध्ये मुंबईची स्वमग्न जलतरणपटू जिया राय १७ तास २५ मिनिटांत पलीकडे पोहोचली. ती सोळा वर्षांची होती.

इथं एक आकडा आपल्या जिल्ह्याचा. तो कुठल्या विक्रमांच्या वहीत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं नर्मदाकाठच्या अलीगाट आणि दादरच्या बाया-पोरांनी अंगणवाडीत येणं बंद केलं. तेव्हा अक्कलकुव्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराकडून होडी मागून घेतली आणि खाऊ, औषधं, बाळांचा वजनकाटा घेऊन स्वतः वल्हवत तिकडे जायला लागल्या. दिवसाला १८ किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवसांचे ३६. म्हणजे दर दोन दिवसांनी एक इंग्लिश खाडी, महिन्याला दहा. होडी आणि पोहणं यांची तुलना होत नाही हे मला कळतं. तरी मी करतो, कारण त्यांनाही पाण्यावर रोज हातांनीच अंतर कापायचं होतं, आणि पलीकडे बाळं वजनाला थांबलेली होती. सरदार सरोवर धरणाचा जलाशय भरला की २१४ किलोमीटर लांब पसरतो. रेलूताईंच्या बारा दिवसांत तेवढं अंतर भरत होतं.

आमच्या लहानपणी पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचे ते पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. आठ दिवसांत डबा सुटायचा. बहिणी काठावर कपडे सांभाळत बसायच्या. त्यांच्या पाठीला कुणी डबा बांधल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या वेळी शहाद्याला जाताना प्रकाशाच्या पुलावर खिडकीतून खाली बघा. तापीत डुंबणाऱ्यांत मुली किती, तेवढं मोजून घ्या.