वाकळ : कापडाची पारख आणि टाक्याचे मोल

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीची काढणी व मळणी आटोपून कडब्याच्या गंजी रचून झाल्या की घरोघरी जुन्या कापडाची गाठोडी सुटतात. पावसाळ्यापूर्वीच्या या दिवसांत विरलेली लुगडी, धोतरे व चादरी धुऊन वाळविल्या जातात आणि त्यांच्या वाकळा शिवल्या जातात. वाकळ अथवा गोधडी म्हणजे थंडीची घरगुती सोय, एवढाच विचार आजवर होत आला. आता हाताने शिवलेल्या गोधडीला शहरातूनही गिऱ्हाईक मिळू लागले आहे. या विक्रीत शिवणाऱ्या स्त्रीच्या पदरात चिंध्यांचा भाव पडावयाचा की तिच्या श्रमाचा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कापडाची पारख आणि टाक्यांचा हिशेब या दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

कापडाचा जिल्हा

कापड ही सोलापूरची जुनी ओळख होय. सन १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली; पुढे तीच 'जुनी गिरणी' या नावाने प्रसिद्ध पावली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे मागाचा धंदा वाढविला. सोलापुरी चादरीला सन २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शाळांचे गणवेश शिवण्याचा उद्योगही शहरात मोठा आहे. खेडोपाडी कर्नाटकातील इरकल लुगडी व गुळेदगुड्डचे खण पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत.

चादर व वाकळ यांत एक महत्त्वाचा फरक आहे. जेकार्ड मागावरील चादरीची नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर आधीच ठरलेली असते. वाकळेचे तसे नाही. गाठोड्यात जे निघेल त्यावरून तिची मांडणी ठरते. म्हणून वाकळ शिवणारीने आधी नक्षी मनात योजून कापड शोधू नये. कापड समोर पसरावे आणि त्यावरून नक्षी योजावी.

एका लुगड्याचे गणित

नऊवारी लुगडे ९ वार, म्हणजे ३२४ इंच लांब असते. त्याचा पन्हा साधारणपणे ४५ इंच धरावा. लांबीचे चार सारखे भाग केल्यास प्रत्येक तुकडा ८१ इंचांचा होतो. दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की ८१ इंच लांब व ९० इंच रुंद असा एक थर तयार होतो. अशा रीतीने एका लुगड्यात दोन थर निघतात आणि दोन लुगड्यांत चार थरांची वाकळ होते. जोडशिवणीत एखादा इंच जातो, तेवढा आधीच हिशेबात धरावा.

सर्वांत टिकाऊ कापड तळाला घालावे, विरलेले मध्ये भरावे आणि रंगाने चांगले असेल ते वर घ्यावे. फाटका तुकडा टाकून देण्याचे कारण नाही. दोन चांगल्या थरांच्या मध्ये तो अनेक वर्षे टिकतो.

सुताची परीक्षा

पूर्वी गाठोड्यात बहुतेक कापड सुती असे. आज त्यात कृत्रिम धाग्याच्या साड्याच अधिक निघतात. असे कापड घाम शोषत नाही आणि विस्तवाजवळ वितळून अंगाला चिकटते. तान्ह्या मुलांसाठी अथवा चुलीजवळ वापरावयाच्या वाकळेत ते मुळीच घालू नये.

ओळखीची रीत सोपी आहे. कापडाचे दोन-चार धागे काढून, मुलांपासून व इतर कापडापासून दूर, चिमट्यात धरून जाळावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो व त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर धागा आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याची टणक गुठळी राहते. गणवेशाच्या कारखान्यातील कातरण स्वस्त मिळाली, तरी तिच्यात मिश्र धागा असण्याचा संभव असतो. म्हणून तिचीही परीक्षा करावी.

नवे कापड वापरावयाचे असल्यास ते प्रथम धुऊन घ्यावे. न धुतलेले नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि वाकळेला चुण्या पडतात. तसेच पांढरे फडके ओले करून प्रत्येक रंगीत तुकड्यावर घासून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा फिकट रंगाच्या शेजारी लावू नये.

रंगांची मांडणी

शहरातील गिऱ्हाइकाला नव्या धर्तीची गोधडी आवडते. त्यासाठी परक्या नमुन्यांची नक्कल करावी लागत नाही. घरच्या कापडातच पुष्कळ सुचण्याजोगे असते. इरकल लुगड्याचे लाल काठ उसवून त्यांची चौकट केल्यास मधले साधे कापडही उठून दिसते. खणाचे लहान तुकडे कोपऱ्यांत बसवावेत. गणवेशाच्या कातरणीतील गडद निळा, खाकी व चौकडी हे रंग मोठ्या पट्ट्यांत शोभतात. निम्मी जागा एकाच शांत रंगाची ठेवली, तर उरलेले तुकडे परस्परांशी भांडत नाहीत.

एकाच लुगड्यात रंगाच्या दोन छटा आढळतात. उन्हाला लागलेला भाग फिकटतो, तर खोचलेला व दुमडलेला भाग गडद राहतो. या दोन छटा शेजारी शेजारी लावल्यास जी शोभा येते, ती नव्या कापडाला येत नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अलाबामा राज्यातील जीज बेंड या नदीकाठच्या वस्तीत गरीब कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया झिजलेल्या शेतीच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. जुन्या विजारीचा खिसा उसवल्यावर त्याखाली जो न विटलेला गडद चौकोन निघे, तोही त्या मांडणीत वापरीत. त्यांच्या गोधड्या सन २००२ मध्ये ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत मांडण्यात आल्या आणि सन २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. या गोधड्यांचे कापड आपल्या गाठोड्यातील कापडाहून भारी नव्हते.

तुकडे मांडून झाल्यावर लगेच सुई हाती घेऊ नये. दहा पावले मागे सरून एकवार पाहावे. खटकणारा तुकडा दुरूनच ध्यानात येतो.

टाक्यांचा हिशेब

थर स्वच्छ जमिनीवर ताणून पसरावेत, कडांवर दगड ठेवावेत आणि कच्चा दोरा घालून ते जागी धरावेत. मग कडेपासून आरंभ करून धावदोऱ्याच्या रांगा मध्याकडे न्याव्यात. दोर मेणावरून ओढून घेतल्यास गुंतत नाही. बोटात अंगुस्तान घालावे.

८१ इंच लांब व ९० इंच रुंद वाकळेत एकेका इंचावर रांग घातली, तर एकूण शिवण सुमारे ७,२९० इंच, म्हणजे २०२ वारांहून अधिक होते. इंचात तीन टाके धरले तरी टाक्यांची संख्या २१,००० च्या पुढे जाते. हे सारे काम एका स्त्रीच्या हातून, घरची व शेतीची कामे सांभाळून होत असते. त्याची नोंद मात्र कोठेही होत नाही आणि जुन्या कापडाची वस्तू म्हणून गिऱ्हाईक पडेल भावाने मागते.

यास्तव प्रत्येक वाकळेसाठी वहीत एक पान राखावे. रोज किती वेळ शिवण झाली ते त्यावर लिहावे. उदाहरणार्थ, एकंदर ६० तास लागले, तर ८ तासांच्या दिवसाप्रमाणे ती साडेसात दिवसांची मजुरी झाली. गावातील शेतमजुरीचा चालू दर तिला लावावा, त्यात दोरा व विकत घेतलेले कापड यांचा खर्च मिळवावा. याहून कमी भावाने विकणे म्हणजे पदरची मजुरी घालून धंदा करणे होय.

एवढी किंमत देणारे गिऱ्हाईक प्रारंभी मिळाले नाही, तर भाव पाडण्याऐवजी आकार लहान करावा. ३० इंच रुंद व ३६ इंच लांब असे बाळाचे दुपटे घेतल्यास त्याच हिशेबाने केवळ ३० वार शिवण लागते. मोठ्या वाकळेच्या मानाने हे काम सुमारे सातवा हिस्सा भरते.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत धागा जाळून पाहण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे आणि तासांची वही सुरू करून द्यावी. गावातील वयोवृद्ध स्त्रियांना बैठकीस आवर्जून बोलवावे. कोणते कापड तळाला टिकेल आणि कोणते वर शोभेल, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते. तरुण मुलींनी ते त्यांच्याजवळ बसून शिकावे. विक्रीची वेळ येईल तेव्हा वहीचे पान वाकळेसोबत गिऱ्हाइकापुढे ठेवावे. कापड जुने असले तरी त्यावरील प्रत्येक टाका नवा आहे, आणि मोल त्या टाक्याचे आहे, हे त्या पानावरून त्याला सहज पटेल.