मतपेटीतले देश – लेखांक ६ : स्कॉटलंडच्या मतदाराने काय मोजले?

गेल्या आठवड्यात आपण क्विबेकपाशी थांबलो होतो. कॅनडातून वेगळे होण्याची बाजू तिथे १९९५ साली सव्वा टक्क्याहूनही कमी फरकाने हरली. आज स्कॉटलंड. १८ सप्टेंबर २०१४ रोजी तिथल्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता : स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? ८४.६ टक्के मतदार मतदानाला आले. सुमारे १६ लाख १८ हजार जणांनी ‘होय’ म्हटले आणि २० लाख २ हजार जणांनी ‘नाही’, टक्केवारीत ४४.७ विरुद्ध ५५.३. इंग्लंडशी १७०७ साली जोडले गेलेले राज्य जोडलेलेच राहिले. निकालाचे दोन सोपे अर्थ लगेच निघाले. एक असा, की स्कॉटिश अस्मिता ऐन वेळी कमी पडली. दुसरा, की लंडनच्या पुढाऱ्यांनी आणि बँकांनी लोकांना घाबरवले. मला दोन्ही अपुरे वाटतात. साधा मतदार त्या दिवशी एक हिशेब करत होता. पुढ्यातल्या दोन वाटांपैकी एकही खात्रीची नव्हती. तेव्हा कोणत्या वाटेवरचा धोका आपल्या अंगावर येईल आणि तो आपल्याला पेलेल का, हे तो जोखत होता. हाच हिशेब दोन्ही बाजूंच्या मतांमागे होता, असे माझे म्हणणे आहे.

आधी अस्मितेचे पाहू. २०११च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या लोकांना त्यांची राष्ट्रीय ओळख विचारली होती. ६२ टक्के लोकांनी ‘फक्त स्कॉटिश’ असे उत्तर दिले. ‘फक्त ब्रिटिश’ म्हणवणारे जेमतेम ८ टक्के निघाले. ओळख म्हणजेच मत असते, तर तीन वर्षांनी स्वातंत्र्य सहज जिंकले असते. पक्षनिष्ठेनेही उलगडा होत नाही. अँगस, मोरे, पर्थशायर हे स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे जुने बालेकिल्ले; तिथे ‘नाही’ जिंकले. ग्लासगो पिढ्यानपिढ्या मजूर पक्षाचे. तो पक्ष ‘नाही’च्या प्रचारात आघाडीवर होता, पण ग्लासगोने ५३.५ टक्के ‘होय’ दिले. मराठी वाचकाला हे कोडे पडू नये. गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३च्या अखेरीस महाराष्ट्रात विलीनीकरणाचा झेंडा घेऊनच सत्तेवर आला होता. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात मात्र विलीनीकरण नाकारणाऱ्या ‘दोन पानां’च्या निशाणीने विलीनीकरणाच्या ‘फुला’ला ३४,०२१ मतांनी हरवले, आणि अडीच महिन्यांच्या आत त्याच मतदारांनी त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. तो प्रश्न विलीनीकरणाचा होता, वेगळ्या देशाचा नव्हता. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. आपला कारभार कोणी पाहावा आणि आपले घर कोणत्या आवारात असावे, हे दोन प्रश्न लोक वेगवेगळे ठेवू शकतात. पुढाऱ्यांनाच ते जमत नाही.

मग मत कशावर ठरले? स्कॉटलंडमध्ये दरवर्षी होणाऱ्या सामाजिक पाहणीत २०११ साली एक खोचक प्रश्न होता. स्वातंत्र्यामुळे वर्षाला ५०० पौंड जास्त मिळणार असतील तर? सुमारे दोन तृतीयांश लोक अनुकूल झाले. ५०० पौंड कमी होणार असतील तर? पाठिंबा पंचमांशाच्या आसपास घसरला. वर्षाला ५०० पौंड म्हणजे आठवड्याला दहाएक पौंड. एवढ्यावर राष्ट्राचे भवितव्य झुलावे, याची तेव्हा बरीच चेष्टा झाली. त्या चेष्टेत मला अर्थ दिसत नाही, कारण प्रचारात लोक विचारत होते त्या गोष्टी याच जातीच्या होत्या : पेन्शन कोण देणार, गृहकर्ज कोणत्या चलनात फेडायचे, युरोपीय संघात आपण राहणार की पुन्हा रांगेत उभे राहणार. फेब्रुवारी २०१४मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी स्वतंत्र स्कॉटलंडला पौंडात भागीदारी मिळणार नाही असे जाहीर केले. स्कॉटलंडचे तेव्हाचे सरकारप्रमुख अॅलेक्स सॅमंड म्हणत राहिले की ही नुसती धमकी आहे. यातले खरे कोण, हे मतदानाआधी कळायला मार्ग नव्हता. मतदानानंतर लगेच झालेल्या एका पाहणीत ‘नाही’ म्हणणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी चलन, नोकऱ्या, युरोपीय संघ यांतला धोका हेच मुख्य कारण सांगितले. ब्रिटनविषयीची ओढ हे मुख्य कारण म्हणणारे चतुर्थांशापेक्षा थोडेच जास्त होते. पासष्टीपुढच्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ‘नाही’च्या बाजूचे होते. त्यांची कमाई संपलेली, बचत पौंडात, आणि चूक दुरुस्त करायला हातात वर्षे थोडी. दुसऱ्या टोकाला डंडी आणि ग्लासगो. एकाच्या ज्यूट गिरण्या गेल्या, दुसऱ्याच्या बहुतेक गोद्या. आहे ते टिकवा, या आवाहनात तिथल्या बेकार माणसाला टिकवण्याजोगे फारसे काही दिसत नव्हते. ३२ विभागांपैकी ज्या चारांत ‘होय’ जिंकले, त्यांत ही दोन शहरे होती.

यावर कोणी म्हणेल, मग हा सगळा खिशाचाच खेळ. तसे नाही. मतदानानंतरच्या त्याच पाहणीत ‘होय’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी सांगितले की स्कॉटलंडविषयीचे निर्णय स्कॉटलंडमध्येच व्हावेत, हे त्यांचे मुख्य कारण. मात्र तत्त्वावर मत द्यायलाही पायाखाली जमीन लागते, किंवा गमावण्यासारखे काही उरलेले नसावे लागते. सुरक्षित नोकरीतला तरुण आणि कंगाल मजूर एकाच तत्त्वापाशी येतात ते या दोन वेगळ्या वाटांनी.

भीतीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘बेटर टुगेदर’ या ऐक्यवादी प्रचाराचा सूर इशाऱ्यांचा होता, हे उघड आहे. पण इशाऱ्यांनीच लोक दबले असते, तर इशारे वाढतील तसा ‘होय’चा आकडा खाली यायला हवा होता. घडले उलटे. २०१३ साली एक तृतीयांशाच्या आसपास घुटमळणारा पाठिंबा ऑस्बर्नच्या घोषणेनंतरही वाढत गेला आणि मतदानाला दहा-बारा दिवस उरले असताना एका चाचणीत ‘होय’ ५१ टक्क्यांवर पोचले. शिवाय ज्यांनी धोका पाहिला, त्यांनी तो हवेतून काढला नव्हता. स्वतंत्र स्कॉटलंडचा सरकारी आराखडा तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरच्या आसपास धरून चालला होता. जानेवारी २०१५मध्ये भाव ५० डॉलरच्या खाली होता.

तिसरा आक्षेप शहाण्यांचा : इतका गुंतागुंतीचा प्रश्न सामान्य माणसाला विचारूच नये. हा मला सर्वांत पोकळ वाटतो. चलनाच्या प्रश्नावर अर्थतज्ज्ञांचेही एकमत नव्हते, कारण उत्तर लंडन आणि एडिंबरा यांच्यातल्या भविष्यातल्या सौद्यावर अवलंबून होते. अशा वेळी तज्ज्ञाचा अंदाज आणि मतदाराचा अंदाज यांत पडणारा फरक आपण समजतो तेवढा मोठा नसतो. मताचा हक्कही राहणाऱ्याला होता, रक्ताला नव्हे. एडिंबऱ्यात रीतसर राहणारा, मतदार यादीत नाव असलेला भारतीय पासपोर्टधारक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत देऊ शकत होता. जन्माने स्कॉटिश असलेले अभिनेते शॉन कॉनरी परदेशी राहत असल्याने देऊ शकले नाहीत. परिणाम ज्याच्या अंगावर येणार त्यानेच ठरवावे, हे तत्त्व त्यात होते आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मत देण्यामागेही तेच होते.

या हिशेबाची खरी कसोटी पुढे लागली. युरोपीय संघातले सभासदत्व टिकवायचे तर ब्रिटनमध्ये राहा, असे २०१४ साली सांगितले गेले होते. २०१६ साली ब्रिटननेच संघ सोडायचे ठरवले. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने पडली, आणि सर्वच्या सर्व ३२ विभागांत हीच बाजू जिंकली. धोका आता ज्या बाजूला सुरक्षित म्हटले होते तिकडेही आला. त्यानंतर युरोपवादी मतदारांतले काही जण ‘नाही’कडून ‘होय’कडे सरकले, तर युरोप नको असलेले काही स्वातंत्र्यवादी उलट दिशेने गेले. दोघांची ओळख तीच राहिली, फक्त धोक्याची जागा बदलली. २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टी ४८ जागांवरून ९वर कोसळली, पण स्वातंत्र्याचा पाठिंबा चाचण्यांत निम्म्याच्या आसपासच राहिला. मतदाराने पुन्हा एकदा पक्ष आणि प्रश्न वेगळे ठेवले होते. तो प्रश्न त्याच्यापुढे परत येईल की नाही, हे मात्र आता त्याच्या हातात नाही : लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला सार्वमत घेता येणार नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये दिला. ज्यांनी अशी संमती न मिळताच मतपेट्या मांडल्या, त्या कॅटलोनियाकडे पुढच्या आठवड्यात वळू.